राखून ठेवलेला कान

बोर्ली, ता. २ नोव्हेंबर १९४६

दादूस,

भाऊबिजेला तुझा पाट मांडून ठेवला होता. दुपार गेली, दिवे लागले, पाट तसाच. शेवटी सासूबाईंनी तो उचलून भिंतीला टेकवला आणि मला म्हणाल्या, "तुजा भाऊस लढाईशी परत आलाय ना गं, का नुसती पत्रंच येतात?" मी म्हटलं, आलाय, पावसाच्या तोंडावरच वावोशीला आलाय. मग त्यांनी पाटाभोवतीची रांगोळी पुसून टाकली. तेच मला जास्त लागलं.

तुझी दोन पत्रं आली, तीही दुसऱ्या कोणाच्या हातची. अक्षर सुरेख आहे, पण मला ते काय करायचंय? मी चार बुकं शिकले ती तू माझा हात धरून पाटीवर गिरवून घेतलंस म्हणून. तुझं अक्षर मी अंधारातसुद्धा ओळखीन.

मला पाचवा महिना लागलाय. आईने तुला सांगितलं असेलच. सातव्यात मला माहेरी न्यायला मुराळी येईल, तर तो तूच यायचंस. आणि आल्या आल्या आधी राहिलेलं काम उरकायचंस. कोणतं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. माझं लग्न लागलं तेव्हा तू ब्रह्मदेशात होतास. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवरदेवाचा उजवा कान पिळायचा आणि फेटा घ्यायचा. तू नाहीस म्हणून काकाचा कमळ्या फेट्याच्या आशेने पुढे झाला. मी मुंडावळ्या बाजूला करून सांगितलं, तो कान माझ्या भावाचा आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही. सगळा मांडव हसला.

तेव्हापासून तो कान राखून ठेवलाय. घरी कोणी पाहुणा आला की यांना विचारतो, काय पदू, कान शाबूत हाय का? हे हसतात. मला हसू येत नाही.

तुझी हिरू


वावोशी, ता. १५ नोव्हेंबर १९४६

हिरूबाय,

तुझं पत्र आईने तीनदा वाचून घेतलं. ती आनंदात आहे. आतापासूनच बाळंतविड्याच्या दुपट्यांना टाके घालायला बसली आहे.

भाऊबिजेला आलो नाही, चुकलं. पण भातकापणी अंगावर आली होती. सकाळी विळा हातात घेतो तो दिवस मावळल्यावरच खाली ठेवतो. अक्षराचं म्हणशील तर ते सहदेवचं. सहदेव कोंडाण्याचा, कर्जतजवळचा. लष्करात आम्ही एका तंबूत होतो. तिथे तो मोटारी दुरुस्त करायचा, आता खोपोलीला तेच करतो, आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला असतो. माझं अक्षर किती गचाळ ते तुला ठाऊकच आहे. म्हणून मी सांगतो, तो लिहितो. जेवणाची फेड असं तो म्हणतो.

त्याने लष्कराच्या मोडीतून एक फटफटी घेतलीय. ती पहिल्यांदा गावात शिरली तेव्हा आमच्या म्हशीने दोन दिवस दूध चोरलं. आई अजून तिला दारापुढे उभी करू देत नाही.

तुला न्यायला मी कमळ्याला पाठवतो. तो आता शहाणा झालाय. कानाचं पुढे बघू. कान काय, पळून जात नाही.

तुझा दादूस, चांगो


बोर्ली, ता. २८ नोव्हेंबर १९४६

दादूस,

कमळ्याला जरूर पाठव. मी त्याला पोटभर जेवू घालीन, आईने दिलेले लाडू ठेवून घेईन आणि त्याला आल्या पावली परत लावून देईन.

कापणीचं कारण मला सांगू नकोस. आपलं शेत केवढं ते मला माहीत आहे. खरं काय ते मी सांगते. तू चार देशांचं पाणी प्यालास, साहेबांबरोबर उठलास बसलास. आम्ही मिठागरातली माणसं. यांच्या पायांना मिठाने भेगा पडल्यात, घरात शिरलं की आधी खाऱ्या चिखलाचा वास येतो. असल्या जावयाचा कान धरायला तुला कमीपणा वाटतो. तसं असेल तर तसं लिही. परक्याच्या सुरेख अक्षरात लिहिलंस तरी चालेल.

आता मनातलं लिहिते. मला भीती वाटते. पहिलं बाळंतपण आहे. दिवसभर कामात असते तेव्हा काही नाही, पण जरा टेकले की आईची आठवण येते. सासूबाई मायेच्या आहेत, तरी आई ती आई. असं असूनही तू आल्याशिवाय मी इथला उंबरा ओलांडायची नाही. आज मी दुसऱ्या कोणाबरोबर निघाले, तर भावाची जागा रिकामी राहिली ती कायमचीच. ती रिकामी ठेवायला मी इतकी वर्षं लोकांचं हसणं ऐकून घेतलं का?

हिरू


वावोशी, ता. १४ डिसेंबर १९४६

हिरू,

मी येतो. नाताळात. सहदेवच्या फटफटीवर. कमीपणा नाही. कान राख.

चांगो


बोर्ली, ता. २० डिसेंबर १९४६

दादूस,

पत्र मिळालं. तू येतोस, मग माझी काही तक्रार नाही. सासूबाईंनी कोंबडा राखलाय. यांनी मुरुडहून गुलाबी फेटा आणलाय आणि तो रोज उलगडून बघतात. आपला कान पिळला जाणार याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नाही.

पण एक विचारते. या खेपेला पत्र तू स्वतः लिहिलंस, होय ना? ते बघून हसावं की रडावं ते मला कळेना. एक ओळ माळ्यावर चढलीय, दुसरी चुलीत उतरलीय. 'कान' लिहिताना तर कागद फाटलाय. हे म्हणाले, "मेव्हनं रमची बाटली शेजारी घेऊन बसलं व्हतं वाटतं." ते गमतीने म्हणाले, पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणून तू तोंड लपवतोस तर. मिलिटरीत दारू लागली, हात कापायला लागला, आणि आई तुझ्यावर पांघरूण घालते.

दादूस, पिऊन का होईना, ये. पण बोर्लीच्या वेशीत शिरताना शुद्धीवर राहा. सासूबाईंना मी काही बोलले नाही. तू इथे राहशील तेवढे दिवस तुला शेरभर दूध पाजीन. मग तुझा हात कापायचा नाही.

खाडीवर तरीच्या होडीत बसताना सांभाळून.

हिरू


अलिबाग, ता. २७ डिसेंबर १९४६

हिरूबाय,

आम्ही अलिबागेपर्यंत आलो आहोत. पुढे येत नाही. हे पत्र आबाजी तांडेलाच्या मचव्यावरून पाठवतो, तो उद्या बोर्लीला लागेल. अक्षर पुन्हा सहदेवचं आहे, कारण लिहायचं पुष्कळ आहे.

प्रवास चांगला झाला. सहदेवने दोन महिने पेट्रोलची कूपनं साठवली होती. कोंडाण्याहून तो निघाला, वावोशीला मला मागे बसवलं. आईने गाडीला हळदकुंकू लावलं आणि मग तिच्यापासून चार हात लांब जाऊन उभी राहिली. पेणपर्यंत धूळ इतकी की उतरल्यावर आम्ही एकमेकांना ओळखलं नाही. धरमतरला फटफटी होडीत चढवली. होडीवाल्याने बैलाला बांधतात तशी दोन्ही बाजूंनी दोर लावून आवळली आणि विचारलं, "पान्यात बिथरायची नाय ना?" सहदेव म्हणाला, मी जवळ असलो की नाही बिथरत. पलीकडे उतरल्यावर दोनदा चाक बसलं. तरी मला मजा वाटत होती. पुष्कळ दिवसांनी मी मोठ्याने गाणं म्हटलं.

काल संध्याकाळी समुद्र बघितला. ब्रह्मदेशाला नेताना आम्हाला आगबोटीच्या पोटात कोंबलं होतं, तेव्हा तो नुसता सोसला होता. आता वाळूवर बसून बघितला. रेवदंड्याची खाडी ओलांडली की बोर्ली, असं सहदेवने बोट करून दाखवलं, आणि तिथेच माझे पाय अडले.

हिरू, मी दारू पीत नाही. मला उजवा हात नाही. ब्रह्मदेशात पूल बांधताना ओंडका घसरला आणि हात खाली सापडला. गोळी नाही, बॉम्ब नाही, सांगायला काही शौर्य नाही. मनगटाच्या वर कापला. खडकीच्या इस्पितळात होतो तेव्हा म्हटलं, घरी गेल्यावर तुला सांगू. घरी आलो तर पाऊस लागला. पाऊस सरला तर तुझी गोड बातमी आली. आई म्हणाली, पोटुशीला असलं ऐकवायचं नाही. मला तेवढंच निमित्त पाहिजे होतं. कापणी कमळ्याने केली. मी बांधावर बसून बघितली. ते वाकडंतिकडं पत्र डाव्या हाताचं होतं, त्याला अख्खी दुपार लागली.

आता सांग, मी कशाला येऊ? शुभकार्यात डावा हात कोणी पुढे करतं का? तुला सातवा लागलाय. गाव जमणार, तुझ्या सासरची माणसं बघणार, आणि मी थोटा हात सदऱ्यात लपवून जावयासमोर उभा राहणार. ज्या हाताने तुला पाटी शिकवली तोच गेला, बाय. तू कमळ्याबरोबर ये. मला आईजवळ भेट. फटफटी बिघडलीय असं सहदेव म्हणतो. ती नीट झाली की आम्ही परत फिरतो.

चांगो

ता. क. हिरूताई, वरचं सगळं चांगोने सांगितलं तसं लिहिलं. हे खालचं माझं. तो आता वाळूवर जाऊन बसलाय. फटफटीला काहीही झालेलं नाही. तिचा प्लग मी काढून खिशात टाकलाय. तो नसला की फटफटी म्हणजे नुसती ढकलायची वस्तू. तुमचं उत्तर येईपर्यंत प्लग खिशातच राहील. पण लवकर लिहा. चांगोला यंत्रातलं कळत नाही, तरी तो दोनदा माझ्या खिशाकडे बघून गेलाय. — सहदेव


बोर्ली, ता. २९ डिसेंबर १९४६

दादूस,

पत्र वाचलं. आधी आईवर रागावले, मग तुझ्यावर, मग स्वतःवर. दारुड्या म्हणाले ते परत घेते. मग खूप रडले. सासूबाई भात पाखडत होत्या, त्या सूप टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं दुखायला लागलं. त्यांना सगळं वाचून दाखवलं. हेही मिठागरातून आले, त्यांनाही पुन्हा वाचून दाखवलं. दुसऱ्या खेपेला मी कमी रडले.

मग मी यांना ओटीवर माझ्यासमोर उभं केलं. म्हटलं, हलू नका. माझ्या उजव्या हाताने यांचा उजवा कान धरायला गेले, तर हात यांच्या तोंडावरून आडवा न्यावा लागतो. कोपर नाकाला लागलं. हे म्हणाले, अगं दिसंना. मग डावा हात उचलला. नुसता उचलला, दादूस, आणि कान हातात आला. समोरासमोर उभं राहिलं की डावा हातच उजव्या कानाला जवळ पडतो. पटत नसेल तर सहदेवभाऊंना उभं करून बघ. आमच्या घरात आता जो तो एकमेकांचे कान धरून बघतोय.

सासूबाईंना विचारलं, शुभकार्यात डावा हात चालेल का? त्या म्हणाल्या, "पिळायचा कान उजवा हाय ना? मंग झालं. हात कंचा त्ये कोन बघतंय? लोकं कानाकडं बगतान." मग सूप उचलता उचलता म्हणाल्या, "लढाईशी जिता परत आला त्यो मुराळी दारात येतोय, त्यापरीस शकुन कंचा पायजे?"

तुझं ते वाकडंतिकडं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. कागद फाटलाय तिथे बोट ठेवून बसले. माझी पहिली पाटी अशीच होती, आठवतं? तू हसला नव्हतास. आणि मी हसले. तू माझा हात तयार केलास, आता तुझा मी करीन.

हे पत्र घेऊन हेच मचव्यावरून येत आहेत. कान बरोबर येतोय. पण तिथे अलिबागेत पिळायचा नाही. इथे, माझ्यासमोर. आणि सहदेवभाऊंना म्हणावं, खिशात जे काही आहे ते जागेवर बसवा. तिघे एका फटफटीवर बसू नका, असं सासूबाईंनी बजावून सांगितलंय.

तुझी हिरू


बोर्ली, ता. १ जानेवारी १९४७

आईस हिरूचा नमस्कार. कमळ्या, हे आईला मोठ्याने वाचून दाखव, आणि मधली वाक्यं गाळू नकोस.

दादूस परवा संध्याकाळी आला. आवाज आधी आला, मग धूळ, मग सगळ्या गावाची पोरं, मग फटफटी. तिच्यावर तिघेच्या तिघे बसले होते. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. पुढे सहदेवभाऊ, मध्ये दादूस, मागे हे. मागून हे पडू नयेत म्हणून दादूसला घट्ट धरून बसले होते.

दादूस खाली उतरला आणि उजवी बाही सदऱ्यात खोचायला लागला. मी म्हटलं, राहू दे. मी त्याची ती बाही हातात घेतली आणि दुमडून वर केली. जे आहे ते बघितलं. मला काही झालं नाही, आई. तुझा नातू आत लाथ मारत होता, तेवढंच.

काल अंगणात कानपिळी झाली. यांना पाटावर उभं केलं. मिठागरातली झाडून सगळी माणसं आली होती. दादूसने डावा हात उचलला आणि यांचा कान धरला. हे म्हणाले, "जोरानं पिळा मेव्हनं, तीन वर्सं वाट बगितलीय." दादूसने पिळला. हे वाकले, लोक हसले, सासूबाईंनी फेटा पुढे केला. पण दादूस कान सोडेना. मान खाली घालून तसाच रडत उभा राहिला, आणि हेही तसेच वाकून उभे राहिले, कान सोडवून न घेता. शेवटी सहदेवभाऊंनी त्याचा हात हलकेच सोडवला. फेटा यांनी बांधला. तिरपा बांधला, पण दादूसने अजून उतरवलेला नाही.

सोमवारी आम्ही निघतो. मी आणि दादूस मचव्याने धरमतरपर्यंत, पुढे बैलगाडीने. सहदेवभाऊ फटफटीवर पुढे येतील. तुझ्याशी मला भांडायचंय, आल्यावर भांडू. मुगाचे लाडू करून ठेव.

तुझी हिरू


वावोशी, ता. २६ मार्च १९४७

श्री. पदूराव यांस चांगोचा नमस्कार.

आज पहाटे हिरू मोकळी झाली. मुलगी आहे. दोघी सुखरूप आहेत. आई म्हणते, नाक तुमच्यावर गेलंय. कान कोणावर गेलेत ते मी बघितलं, लहान आहेत, पण पुढे उपयोगी पडतील.

बारशाला तुम्ही आणि तुमच्या आई सोनुबाईंनी यायचंच आहे. सहदेव तुम्हाला घ्यायला धरमतरला येईल. सोनुबाई फटफटीवर बसणार नाहीत हे मी त्याला सांगितलंय, त्यांच्यासाठी कमळ्या गाडी जुंपून आणील. सहदेवने खोपोलीच्या लोहाराकडून माझ्यासाठी उलट्या धारेचा विळा घडवून आणलाय, डाव्या हाताचा. गेले आठ-दहा दिवस शेत भाजायला लागणारं राबाचं गवत मीच कापतोय. कमळ्या बांधावर बसून बघतो आणि चुका काढतो.

इथे आल्यापासून अडीच महिने हिरूने मला रोज पाटीवर बसवलं. कठोर मास्तरीण आहे. रेघ सोडली की पुसून टाकते. आज बाळंतिणीच्या खाटेवरूनही तिने सोडलं नाही. म्हणाली, बापाला बातमी मामाच्याच हातची गेली पाहिजे. पहिल्या चार ओळी होईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला होता. मग मुलगी रडली म्हणून तिने हात सोडला.

तिथपासून पुढचं सगळं मी एकट्याने लिहिलंय. फरक दिसतो का, ते कळवा.

तुमचा,
चांगो